सालईची राळ: सूज, वेदना आणि आमची मोजमापं

८ जुलै २०२४

विषय एकदाचा मान्य झाला: सालईच्या राळेतल्या आम्लांचा सूज आणि वेदना यांवर होणारा परिणाम. पहिल्याच बैठकीत मार्गदर्शक मॅडमनी विचारलं, "सूज आणि वेदना, दोन्ही कशाला? एक धरा, नीट करा." मी म्हणाले, "मॅडम, दोन्ही एकत्रच असतात ना?" त्या हसल्या आणि म्हणाल्या, हे वाक्य तारखेसह वहीत लिहून ठेव. म्हणून लिहून ठेवते: दोन्ही एकत्रच असतात.

नावांचा घोळ आधी निस्तरलेला बरा. झाड सालई, संस्कृतात शल्लकी, वनस्पतिशास्त्रात बॉस्वेलिया सेराटा. राळ म्हणजे कुंदुरू. बाजारात मात्र 'सालई गुग्गुळ' हे नाव चालतं आणि तिथेच गोंधळ होतो, कारण खरा गुग्गुळ कॉमिफोरा वायटाय या वेगळ्याच झाडाचा असतो. कूळ एकच, बर्सेरेसी, पण रसायनं वेगळी. गुग्गुळात गुग्गुलस्टेरॉन असतात, सालईत बॉस्वेलिक आम्लं. या प्रकल्पात 'गुग्गुळ' हा शब्द कुठेच वापरायचा नाही, असं मी आणि प्रकल्पातल्या जोडीदाराने ठरवलं.

११ जुलै

नमुना हातात आला. सातपुड्याच्या पायथ्याच्या कोरड्या जंगलातली, गेल्या उन्हाळ्याआधी खरवडलेल्या झाडांची राळ. सोबत फांदी, पानं आणि तीनधारी फळं मुद्दाम मागवली होती. ती वनस्पतिशास्त्र विभागात दाखवून ओळख पक्की केली आणि दाबून वाळवलेला नमुना तिथेच क्रमांक घालून ठेवला. पानांच्या कडा करवतीसारख्या आहेत. 'सेराटा' हे नाव त्यावरूनच.

राळ कशी निघते ते आणणाऱ्या माणसाकडून ऐकलं. सालीचा पातळ पापुद्रा तासतात. तिथून पांढरट चीक पाझरतो आणि हळूहळू सोनेरी होत जातो. गोळा केलेला चीक बांबूच्या टोपलीत महिनाभर ठेवला की पातळ भाग, ज्याला तिकडे 'रस' म्हणतात, निथळून जातो. टोपलीत उरतं ते आपलं काम. म्हणजे आमच्याकडे आलेला नमुना आधीच एकदा गाळलेला आहे. पाझरणारं तेल किती उडालं, किती उरलं, हे त्या टोपलीवर अवलंबून. हे वहीत मोठ्या अक्षरात लिहिलं, कारण दोन ठिकाणच्या राळेत फरक दिसला तर तो झाडाचाच असेल असं नाही.

तुलनेसाठी दुसरा नमुनाही घेतला: तयार अर्काची पावडर. तिच्यावर '६५ टक्के बॉस्वेलिक आम्लं' असं छापलेलं आहे. आमच्या राळेला 'अ', पावडरीला 'ब'.

१९ जुलै

आज फक्त दळण, आणि तेही फसलं. राळ ग्राइंडरमध्ये टाकली. अर्ध्या मिनिटात पातं गरम झालं आणि सगळं भांड्याला च्युइंगमसारखं चिकटून बसलं. भांडं सोडवायला अल्कोहोल आणि काकांची दोन तासांची मेहनत लागली. प्रयोगशाळेत तीसेक वर्षं काढलेले काका एवढंच म्हणाले, "ताई, डिंक कधी गरम करून दळतात का?" उद्या रात्रभर उणे वीसच्या फ्रीझरमध्ये ठेवून, थंड खलात, थोडं थोडं.

वासाबद्दल एक नोंद. फ्रीझरमधून काढल्यावर वास जवळजवळ येत नाही, पण बोटात चुरडली की लगेच चीड आणि लिंबाच्या मधला काहीतरी वास येतो. भारतीय सालईच्या तेलात अल्फा-थुजीन हा मुख्य घटक असतो. तेलाची आम्हाला गरज नाही, असं सध्या तरी वाटतंय.

२६ जुलै

दोन्ही नमुन्यांचं टायट्रेशन. अगदी साधी रीत: ५०० मिलिग्रॅम नमुना उदासीन केलेल्या अल्कोहोलमध्ये विरघळवायचा, फिनॉल्फ्थॅलीन घालायचं आणि ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड थेंब थेंब सोडायचं. बीटा-बॉस्वेलिक आम्लाचा रेणुभार ४५६.७, म्हणून १ मिलि अल्कली म्हणजे ४५.६७ मिलिग्रॅम आम्ल.

'ब' ला ७.१ मिलि लागले. गुणाकार केला: ३२४ मिलिग्रॅम, म्हणजे ६४.९ टक्के. वेष्टनावर ६५. जोडीदाराने टाळ्या वाजवल्या. मी गप्प बसले, कारण हे जरा जास्तच जुळलं. अल्कलीला आम्ल कुठलं याच्याशी देणंघेणं नसतं. चिडाच्या राळेतलं ॲबिएटिक आम्ल टाकलं तरी ती तेवढीच गुलाबी होईल.

९ ऑगस्ट

एचपीएलसीची, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून आलेखावर शिखरांच्या रूपात दाखवणाऱ्या यंत्राची, पाळी दोन आठवड्यांनी मिळाली. सी-१८ स्तंभ, ॲसिटोनायट्राइल आणि फॉस्फोरिक आम्ल घातलेलं पाणी. दोन तरंगलांबींवर पाहायचं, याचं कारण रेणूतच आहे. केटो गट असलेली दोन आम्लं, म्हणजे ११-कीटो-बीटा-बॉस्वेलिक आम्ल (पुढे केबीए) आणि त्याचं ॲसिटिल रूप (एकेबीए), २५० नॅनोमीटरच्या आसपास ठळक दिसतात. बाकीची अल्फा आणि बीटा आम्लं २१० ला पाहावी लागतात, आणि तिथे दिवाळीतल्या आकाशासारखं सगळंच चमकत असतं.

'अ' मध्ये ओळखीची सहाही शिखरं आली. 'ब' मध्ये एकेबीएचं शिखर आहे, पण सहा आम्लांची एकूण बेरीज टायट्रेशनच्या आकड्याच्या निम्म्यालाही पोचत नाही. २१० वर मधेच एक रुंद, अनोळखी टेकडी. वेष्टनावरचा आकडा खोटा म्हणता येत नाही. तो टायट्रेशनचा आहे आणि टायट्रेशनप्रमाणे बरोबरच आहे. पण त्याच्या भरवशावर प्राण्यांना मात्रा द्यायची नाही. 'ब' बाद. इथून पुढे फक्त 'अ'.

मॅडमचा शेरा: "पहिलं काम झालं. आपण काय देतोय ते आता कळलं. बरेच लोक इथपर्यंत येतच नाहीत."

२२ ऑगस्ट

आम्लं वेगळी काढायची रीत जुनी आणि देखणी आहे. अल्कोहोली अर्क आटवायचा, पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या पाण्यात घ्यायचा. आम्लांचे क्षार होतात आणि पाण्यात उतरतात. तेल आणि बाकीचे उदासीन पदार्थ द्रावकाने धुऊन काढायचे. मग हायड्रोक्लोरिक आम्ल टाकलं की आम्लं पांढऱ्या कणांच्या रूपात खाली बसतात.

वाचायला छान. करताना लक्षात आलं की आपण चक्क साबण बनवतोय. सेपरेटिंग फनेल हलवला आणि आत ताकासारखा फेस. वरचा थर कुठे संपतो, खालचा कुठे सुरू होतो, काही दिसेना. मीठ घातलं, वाट पाहिली, पुन्हा मीठ घातलं. संध्याकाळी सहाला फेस निम्म्यावर आला होता. वसतिगृहाचं फाटक बंद होईल म्हणून फनेल तसाच स्टँडला सोडून निघालो.

२३ ऑगस्ट

ती चूक होती. सकाळी थर स्वच्छ वेगळे झाले होते, आनंदाने आम्ल टाकलं, भरपूर पांढरा साका आला. दुपारी एचपीएलसीवर एक थेंब टोचून पाहिला तर एकेबीएचं शिखर खचलेलं आणि शेजारचं केबीएचं वाढलेलं. रात्रभर तीव्र अल्कलीत राहिल्यावर ॲसिटिल गट निघून गेला. हे एस्टरचं जलापघटन, पदवीच्या दुसऱ्या वर्षाला परीक्षेत लिहिलेलं. परीक्षेत लिहिताना आपल्या फनेलमध्येही ते होईल असं कुणाच्या मनात येतं?

हे महत्त्वाचं का, तर या राळेची कीर्ती बऱ्याच अंशी एकेबीएवर उभी आहे. १९९२ साली साफायही, अम्मोन आणि सहकाऱ्यांनी बॉस्वेलिक आम्लं ५-लिपॉक्सिजनेज या विकराला (एन्झाइमला) थेट अडवतात असं दाखवलं. हा विकर ल्युकोट्राइन बनवतो, आणि ल्युकोट्राइन पांढऱ्या पेशींना सुजेच्या जागी बोलावतात. २०२० मध्ये या विकराची एकेबीएसह स्फटिकरचना प्रसिद्ध झाली. रेणू विकराच्या सक्रिय जागेत बसतच नाही. तो दूर, दोन भागांच्या सांध्यात बसतो आणि तिथून काम बिघडवतो. आमचा रेणू त्या सांध्यात बसायच्या आधीच आम्ही त्याचा ॲसिटिल गट काढून टाकला.

तो साका 'अ-बिघडलेला' असं लिहून वेगळा ठेवला. पुढच्या वेळी अल्कली सौम्य, भांडं बर्फात, आणि एकाच दिवसात सगळं.

९ सप्टेंबर

नवा साका व्यवस्थित. वजन, शिखरं, सगळं वहीच्या मागच्या तक्त्यात.

प्राण्यांवरच्या प्रयोगांना आचारसमितीची परवानगी येईपर्यंत हातात काही नाही, म्हणून प्रथिन-विकृतीची चाचणी लावली. अंड्यातलं अल्ब्युमिन तापवायचं, ते गढूळ होतं. औषधाने गढूळपणा कमी झाला तर औषध दाहशामक. निम्मे पदवी प्रकल्प या एका चाचणीवर पार पडतात. आमचं उत्तर आलं: उणे एकशे चाळीस टक्के. म्हणजे सालईने सूज वाढवली!

अर्थात तसं काही नाही. डीएमएसओ या द्रावकात विरघळलेली आम्लं पाण्यात गेली की स्वतःच दुधाळ होतात, आणि ६६० नॅनोमीटरला यंत्र कुणाचाही गढूळपणा मोजतं. अल्ब्युमिन न घालता फक्त नमुन्याचा ब्लँक लावला, तो वजा केला, तर आकडा शून्याच्या आसपास घुटमळू लागला. जोडीदार म्हणाला, ब्लँक थोडा वेगळा घेतला तर तीस टक्के येतील. येतीलही. म्हणूनच ही चाचणी प्रबंधात घालायची नाही असं ठरवलं. तापवलेल्या अंड्याचा सांध्याच्या सुजेशी संबंध तसाही बादरायणच.

२० सप्टेंबर

लिपॉक्सिजनेजची चाचणी. आपल्याकडे ती सोयाबीनच्या विकरावर होते, लिनोलेइक आम्ल घालून, २३४ नॅनोमीटरला. तुलनेला एनडीजीए, हा विकर अडवणारा ओळखीचा पदार्थ. विकर थांबतो का, तर थोडाफार थांबतो. पण सोयाबीनचा हा विकर आणि माणसाचा ५-लिपॉक्सिजनेज हे दूरचे भाऊबंद. सोयाबीनचा विकर कार्बनसाखळीवर वेगळ्याच जागी ऑक्सिजन जोडतो. शिवाय एनडीजीए हा ऑक्सिडीकरणविरोधी म्हणून काम करतो, आणि एकेबीए तसं करत नाही. निष्कर्षात 'सोयाबीन लिपॉक्सिजनेज' असं पूर्ण नाव लिहायचं, नुसतं 'लिपॉक्सिजनेज' नाही. एक शब्द वाचवायला जाऊन अर्थ बदलतो.

१ ऑक्टोबर

प्राणी आचारसमितीची बैठक. मी तीन महिने या दिवसाला घाबरत होते. आमचा प्रस्ताव होता प्रत्येक चाचणीत सहाचे सहा गट. समितीने विचारलं, बिघडलेला साका आणि चांगला साका, दोन्ही सगळ्या चाचण्यांत कशाला? उत्तर नव्हतं. तो गट गेला. व्रायदिंगसाठी (पोटात आम्ल टोचून पोट आकसणं मोजायची चाचणी) आम्ही १ टक्का ॲसिटिक आम्ल लिहिलं होतं, ते ०.६ वर आणलं. हॉटप्लेटवर (तापवलेल्या तबकडीवर) पंधरा सेकंदांच्या पुढे कुठलाही प्राणी ठेवायचा नाही, हे लेखी घेतलं.

सगळ्यात चांगला प्रश्न विज्ञानाबाहेरच्या सदस्यांनी विचारला. प्रत्येक समितीत असा एक सदस्य असतो. त्या म्हणाल्या, "उंदराला दुखतंय हे तुम्हाला कळतं कसं?" मी सांगितलं, तो पंजा चाटतो, पोट आकसतो, उडी मारतो. त्या म्हणाल्या, "म्हणजे दुखणं नाही मोजत. चाटणं मोजता." मी हो म्हणाले. परतताना जिन्यात हे वाक्य डोक्यातून जाईना.

मात्रा: १०० आणि २०० मिलिग्रॅम प्रति किलो. हे आकडे हवेतून काढलेले नाहीत. नागपुरात गुडघ्याच्या संधिवातावर २००३ साली प्रसिद्ध झालेली एक चाचणी आहे, तीस रुग्ण, दुहेरी अंध, आठ आठवडे औषध आणि आठ आठवडे फसवी गोळी अशी अदलाबदल. तिथे ३३३ मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, म्हणजे दिवसाला एक ग्रॅम अर्क दिला होता. रॅटची (मोठ्या उंदराची) मात्रा माणसात बदलायला शरीराच्या पृष्ठभागाच्या हिशेबाने ६.२ ने भागतात. १०० भागिले ६.२ म्हणजे १६, गुणिले साठ किलो म्हणजे साधारण ९७० मिलिग्रॅम. बरोबर तिथेच. आमची शुद्ध आम्लं आणि त्यांचा अर्क एक नाही, पण जमीन तरी ओळखीची. हजार मिलिग्रॅम प्रति किलो देऊन 'प्रभावी' म्हणणारे प्रबंध आम्ही पाहिलेत. तेवढं माणसाला द्यायचं तर दिवसाला जवळपास दहा ग्रॅम पावडर चमच्याने खावी लागेल.

१९ नोव्हेंबर

तीव्र विषारीपणाची चाचणी सुरू, ओईसीडी ४२३ या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेप्रमाणे. तीन माद्या, २००० मिलिग्रॅम प्रति किलो, एकदाच तोंडावाटे. पहिले चार तास डोळ्यात तेल घालून बसलो. काही नाही.

३ डिसेंबर

चौदा दिवस पूर्ण, नंतरच्या तीन माद्यांचेही होत आले. सगळ्या ठीक, वजन वाढतंय. यापेक्षा जास्त लिहिण्यासारखं नाही.

काकांनी आज विचारलंच. "ताई, उंदराला एवढं देता, माझ्या गुडघ्याला थोडं द्या की." मी म्हटलं, "काका, ही औषधाच्या दर्जाची नाही, यात द्रावक किती उरलंय तेसुद्धा मोजलेलं नाही. आणि तुम्ही रक्त पातळ करायची गोळी घेता ना? आधी डॉक्टरांना विचारा." ते म्हणाले, "मग उंदीर व्हायला हवं होतं." पुढचा अर्धा तास पिंजरे धुताना ते माझ्याशी बोलले नाहीत.

१२ डिसेंबर

प्लेथिस्मोमीटरवर, म्हणजे पंजाचं आकारमान मोजायच्या यंत्रावर, हात बसवणं. रॅटचा पंजा पाण्याच्या नळीत घोट्याच्या खुणेपर्यंत बुडवायचा, किती पाणी सरकलं ते वाचायचं. पूर्वी पारा वापरत, आता पाण्यात जरासा ओलावक.

एकाच रॅटचा एकच पंजा मी तीनदा मोजला: १.१२, १.१९, १.०८ मिलि. न सुजलेला. म्हणजे माझ्या हाताचीच सूज दशांशाच्या पहिल्या घरात पोचते. कारणं सापडली. घोट्यावरची मार्करची खूण तासाभरात चाटून जाते. रॅटने पाय आखडला की पातळी उडी मारते. आणि मीच, खूण कुठे होती ते 'साधारण' धरते. उपाय: दोन्ही बाजूंना खूण, दर तासाला पुन्हा गडद, प्रत्येक मोजणी तीनदा आणि मधला आकडा. आठवडाभर फक्त सराव. शेवटी तीन आकडे ०.०३ च्या आत येऊ लागले.

आणखी एक: मोजणाऱ्याला गट माहीत असता कामा नये. औषध काका आणि जोडीदार देतील, मोजेन मी. पिंजऱ्यांवर फक्त रंगीत ठिपके. यादी मॅडमच्या कपाटात.

८ जानेवारी २०२५

कॅराजीननचा दिवस. समुद्री शेवाळातून काढलेला, टोचला की पंजा सुजवणारा हा पदार्थ एक टक्का द्रावणात आदल्या रात्रीच भिजवून ठेवला, नाहीतर गुठळ्या राहतात आणि सुई अडते. उजव्या मागच्या पंजाच्या तळव्यात ०.१ मिलि. ही पद्धत विंटर आणि सहकाऱ्यांनी १९६२ साली मांडली, आजही जगभर तीच चालते. त्याच्या एक तास आधी औषध: कंट्रोल गटाला नुसतं वाहक (औषध नसलेलं द्रावण), एका गटाला इंडोमेथासिन हे नेहमीचं सूज उतरवणारं औषध १० मिलिग्रॅम प्रति किलो, बाकी दोन आमचे.

सकाळी आठ ते दुपारी चार, दर तासाला चोवीस पंजे, प्रत्येकी तीनदा. तिसऱ्या तासाला पंजे फुगून चकचकीत झाले. मला राहून राहून वाटत होतं की हिरवा ठिपका कमी सुजलाय. नेमकं हेच वाटणं धोकादायक. आकडा बघितला की मनातला रंग वाचनात उतरतो. म्हणून चौथ्या तासापासून वाचन जोडीदाराने केलं आणि मी नुसता पंजा धरला.

९ जानेवारी

यादी उघडली. हिरवा ठिपका कंट्रोलचा होता! माझं वाटणं कुणाच्या उपयोगाचं नाही, हे कागदावर सिद्ध.

निकाल असा: २०० चा गट तिसऱ्या आणि चौथ्या तासाला कंट्रोलच्या स्पष्ट खाली, पण इंडोमेथासिनच्या बराच वर. १०० चा गट कंट्रोलमध्येच मिसळलेला, फरक म्हणावा असा नाही. पहिल्या तासाला कुणातच काही नाही.

हे विचार करण्यासारखं आहे. कॅराजीननच्या सुजेत शरीरातली दाह घडवणारी रसायनं पाळीपाळीने येतात: पहिला तास-दीड तास हिस्टामिन आणि सेरोटोनिनचा, मग ब्रॅडिकायनिन, आणि अडीच तासांनंतर प्रोस्टाग्लँडिनचा. आमच्या आम्लाची ओळख ल्युकोट्राइन अडवणारं अशी. मग प्रोस्टाग्लँडिनच्या वेळी त्याने काम कसं केलं? एक उत्तर २०११ च्या एका शोधनिबंधात आहे: बॉस्वेलिक आम्लं प्रोस्टाग्लँडिन ई-२ बनवणाऱ्या शेवटच्या विकरालाही अडवतात. आणि हे काम करण्यात केटो गट नसलेलं बीटा आम्लही मागे नाही. म्हणजे ऑगस्टमध्ये एकेबीए गमावलं म्हणून मी जितकी रडले तितकं कदाचित गरजेचं नव्हतं. ल्युकोट्राइनचा रस्ता ५-लिपॉक्सिजनेजमधून जातो खरा, पण रक्तात ही आम्लं अल्ब्युमिनला इतकी चिकटून राहतात की परीक्षानळीतला परिणाम संपूर्ण रक्तात टिकत नाही.

जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेतल्या सिंग आणि अटल यांचा १९८६ चा निबंध पुन्हा वाचला. त्यांनी अधिवृक्क ग्रंथी काढलेल्या रॅटवरही परिणाम तेवढाच दाखवला, म्हणजे राळ शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड पिळून काम करत नाही. कापसाच्या गोळीभोवतीच्या गाठीवर मात्र त्यांना काही मिळालं नाही आणि त्यांनी ते सरळ लिहिलं. असं न मिळालेलं लिहिणारे निबंध वाचायला बरं वाटतं.

२२ जानेवारी

हॉटप्लेट, ५५ अंश, माइस (लहान उंदीर). पंजा चाटणं किंवा उडी मारणं होईपर्यंतचा वेळ. आमच्या दोन्ही मात्रांत काहीही नाही. कंट्रोलइतकाच वेळ. ही चाचणी मेंदू-मज्जारज्जूच्या पातळीवरचं वेदनाशमन पकडते, मॉर्फिनसारखी औषधं इथे उठून दिसतात. सालई त्यातली नाही. जोडीदार नाराज. मी नाही, कारण शून्यसुद्धा बोलतं.

३० जानेवारी

व्रायदिंग. पोटात ०.६ टक्के ॲसिटिक आम्ल, पाच ते वीस मिनिटांत पोट किती वेळा आकसतं ते मोजायचं. इथे उत्सुकतेपोटी एक लहान गट कच्च्या अल्कोहोली अर्काचा ठेवला होता, तेलासकट, आम्लं वेगळी न केलेला. परवानगीत तो होता.

कच्चा अर्क जिंकला! आकसणं सगळ्यात कमी, आम्लांपेक्षाही कमी. जोडीदाराने फोनवर घरी कळवलं सुद्धा. मी पिंजऱ्याकडे पाहत होते. कच्च्या अर्काचे माइस कोपऱ्यात एकमेकांना चिकटून, डोळे अर्धे मिटून बसले होते. शेजारच्या पिंजऱ्यातले भिंती हुंगत फिरत होते.

६ फेब्रुवारी

म्हणून रोटारॉड. फिरत्या दांड्यावर माउस किती वेळ टिकतो. आम्लांचे माइस कंट्रोलसारखेच टिकले. कच्च्या अर्काचे लवकर घसरले. घरी कळवलेला विजय इथे संपला. झोपाळलेला उंदीर पोट कमी आकसतो, एवढंच.

हे आधी वाचायला हवं होतं. मेनन आणि कर यांनी १९७१ मध्येच या राळेच्या एका, फिनॉल नसलेल्या, भागात वेदनाशमनाबरोबर गुंगी नोंदवली आहे. निबंध माझ्या फोल्डरमध्ये जुलैपासून होता, फक्त शीर्षक वाचलेलं. जुलैच्याच नोंदीत 'तेलाची आम्हाला गरज नाही' असंही मीच लिहिलंय. तेल आणि उदासीन भाग धुऊन काढला तो आम्लं शुद्ध हवीत म्हणून. गुंगी गेली हा फुकटचा फायदा.

१८ फेब्रुवारी

फॉर्मालिन चाचणी, आणि माझ्या मते या प्रकल्पातला सगळ्यात उपयोगी दिवस. पंजात सौम्य फॉर्मालिन टोचलं की चाटण्याच्या दोन लाटा येतात. पहिली लगेच, पाच मिनिटांत संपणारी: रसायन सरळ मज्जातंतूंना डिवचतं. मग मध्ये शांतता. दुसरी पंधरा मिनिटांनंतर: आता ऊतीत दाह सुरू झालेला असतो. मॉर्फिनसारखी औषधं दोन्ही लाटा दाबतात. सूज उतरवणारी फक्त दुसरी. हुन्स्कार आणि होले यांनी १९८७ साली या दोन टप्प्यांचा अर्थ लावला.

आम्ही सगळं खालून काचेतून चित्रित केलं आणि चाटण्याचे सेकंद नंतर मोजले, दोघांनी वेगवेगळे, ठिपके न बघता. चित्रफीत थांबवता येते, मागे नेता येते. पंजा चाटतोय की नुसता तोंड धुतोय यावर आमचे सात ठिकाणी वाद झाले.

२०० च्या गटात पहिली लाट कंट्रोलइतकीच. दुसरी कमी. इंडोमेथासिनचं चित्रही तसंच, फक्त उतार जास्त.

मी जरा वेळ खुर्चीत बसून राहिले. हॉटप्लेटवर शून्य, पहिल्या लाटेत शून्य, दुसऱ्या लाटेत आहे. तिन्ही एकाच दिशेला बोट दाखवतात. राळ दुखणं थांबवत नाही. सूज उतरते तेव्हा तिच्यामागून आलेलं दुखणं तेवढं कमी होतं.

११ मार्च

विभागात सादरीकरण. पहिला प्रश्न: "परिणाम इंडोमेथासिनपेक्षा कमी, मग उपयोग काय?" उत्तर दिलं की इंडोमेथासिन जठराला व्रण करतं, आणि १९८६ च्या कामात राळेने तसे व्रण केले नव्हते. आम्ही मात्र जठर तपासलेलं नाही, म्हणून त्याबद्दल आमचा दावा नाही. दुसरा प्रश्न: "प्रथिन-विकृतीची चाचणी का नाही केली?" केली होती, सर. मग उणे एकशे चाळीसची गोष्ट सांगितली. हशा झाला, पण दोन कनिष्ठ मुली वही काढून ब्लँकचं लिहून घेत होत्या.

२५ मार्च

प्रबंधाचा शेवटचा मसुदा मॅडमकडे. त्यांनी शीर्षकातल्या 'वेदनाशामक' शब्दावर लाल पेनाने रेघ मारली आणि वर लिहिलं, 'दाहजन्य वेदनेवरील'. मग पहिल्या दिवसाची वही मागितली. ८ जुलैचं पान काढलं, माझं वाक्य वाचलं आणि समासात पेन्सिलने लिहिलं: कुठल्या चाचणीत?

उरलेली राळ, दोनशे ग्रॅमच्या आसपास, काचेच्या बरणीत भरली. चिठ्ठीवर झाडाच्या नमुन्याचा क्रमांक, गोळा केल्याचा हंगाम, आणि खाली ठळक: दळण्याआधी रात्रभर उणे वीस, अल्कलीत रात्रभर नाही. काकांनी बरणी फ्रीझरच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात सरकवली. म्हणाले, डॉक्टरांकडे जाऊन आलो, सध्या नको म्हणाले.

'अ-बिघडलेला'ही शेजारीच ठेवला आहे. पुढच्या वर्षी कुणाला बीटा आम्लांवरच काम करायचं असेल तर तो कदाचित बिघडलेला ठरणार नाही. चिठ्ठी बदलायची राहिली.